गुऱ्हाळभेट : परिसर अभ्यासाचा एक पाठ

बर्लिन येथे १९०४ साली केवळ साखरेसाठी एक संग्रहालय उघडण्यात आले. आपल्या जिल्ह्यातील शिक्षकास गुळासाठी तसे घर शोधीत जाण्याचे कारण नाही. चालू गुऱ्हाळ हेच त्याचे संग्रहालय होय. मात्र ते दिवाळीच्या सुमारास उघडते, उन्हाळा लागता मिटते, आणि ऊस कारखान्यांकडे वळल्यामुळे गुऱ्हाळांची संख्या घटत चालली आहे. म्हणून ही भेट पुढील वर्षावर टाकू नये.

शिरोली औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील शाळांत या पाठाची निकड अधिक आहे. तेथील पुष्कळ मुलांचे पालक कारखान्यांत काम करतात. गूळ घरी रोज लागतो, पण तो दुकानात तयार होतो, अशी समजूत आढळते. या मुलांना एक लाभ मात्र आहे. फौंड्रीत तप्त रस साच्यात ओतून घट्ट करतात, हे त्यांनी घरी ऐकलेले असते. पाठास तेथूनच प्रारंभ करावा. उत्तरेकडून आलेला एखादा मुलगा वर्गात असल्यास चरकाला त्याच्या गावी काय म्हणतात ते विचारावे. तो बहुधा 'कोल्हू' सांगेल व त्या दिवशी वर्गाचा गुरू होईल.

माझ्या पहिल्या भेटीत चाळीस मुले एकदम आत नेली. त्यांनी काकवी यथेच्छ चाटली. दुसऱ्या दिवशी निबंधात काकवीखेरीज काही नव्हते. तेव्हापासून मी दहा-दहांचे गट करतो व प्रत्येक गटास एकच गोष्ट पाहावयास सांगतो.

खरा पाठ काहिलीजवळ आहे. जळव्या चुलवाणात वाळलेले चिपाड सारीत असतो. म्हणजे उसाचा रस उसानेच आटतो. रसात भेंडीचे चिकट पाणी घालतात, त्यासरशी मळी वर येते व ती झाऱ्याने काढतात. पाणी १०० अंशांस उकळते, हे मुलांनी पुस्तकात वाचलेले असते. येथे पाक ११८ अंशांच्या आसपास पोचल्यावर काहील उतरवितात. गुळव्याजवळ बहुधा उष्णतामापक नसतो. तो थेंबभर पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून पाहतो व निर्णय देतो. त्या क्षणी शिक्षकाने बोलू नये.

काहिलीचा काठ फार उंच नसतो. पाकाचा चटका पाण्याच्या चटक्याहून भयंकर असतो, कारण पाक अंगास चिकटतो. चुन्याची रेषा आधी आखून घ्यावी, तिच्या आत कोणासही सोडू नये, आणि काहील उतरविताना सर्व मुले बाहेर असावीत.

काही ठिकाणी गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर घालतात. गडद गूळ म्हणजे घाणेरडा गूळ नव्हे, हे दोन खडे शेजारी ठेवून दाखवावे; मालकास अडचणीत आणणारे प्रश्न त्याच्यासमोर विचारू नयेत. शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली शाहूपुरी पेठ व कोल्हापुरी गुळास २०१४ साली मिळालेले भौगोलिक मानांकन, एवढा इतिहास परतीच्या वाटेवर पुरे.

कणेरीच्या सिद्धगिरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय नंतर दाखवावे. तेथील बलुतेदारांचे पुतळे उत्तम आहेत. पण पुतळ्याच्या चुलीला धग नसते.

शाळेत एक फळी रिकामी करून तीवर चिपाड, भेंडीची साल, बाटलीत काकवी व गुळाचे दोन खडे ठेवावेत. फळ्यावर गणित मांडावे : शंभर किलो उसातून सुमारे साठ किलो रस निघाला, गूळ अकरा किलो झाला, उरलेला रस कोठे गेला? वाफेचे उत्तर लगेच येते. मळीची आठवण होण्यास थोडा वेळ द्यावा.