हिब्रूतून मराठीत : पंडिता रमाबाईंचे भाषांतरकार्य

प्रास्ताविक

भाषांतर करणाऱ्याला दोन भाषा यायला हव्यात, हे आपण जाणतोच. परंतु भाषांतर कोणासाठी करायचे, हेही त्याला ठरवावे लागते. संस्कृतच्या गाढ्या विदुषी पंडिता रमाबाई यांनी बायबलचे भाषांतर करताना या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा परिचय या पाठात करून घेऊ.

विद्येचा वारसा

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सध्याच्या कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळ येथे झाला. स्त्रियांना संस्कृत शिकवणे समाजाला मान्य नव्हते, अशा काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई व मुली यांना ते शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरत असे. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व थोरली बहीण यांचे निधन झाले. भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

१८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया व मुली यांना पुढे त्यांच्या केडगाव येथील 'मुक्ती सदना'त आसरा मिळाला.

नव्या भाषांतराची गरज

बायबलचे मराठी भाषांतर तोपर्यंत झालेले नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी ते काम सुरू केले होते. परंतु प्रचलित भाषांतराची भाषा रमाबाईंना संस्कृतप्रचुर वाटली. अशा भाषेत दोन अडचणी असतात. पहिली म्हणजे अल्पशिक्षित वाचकाला ती कळत नाही. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. 'मोक्ष' किंवा 'अवतार' असा शब्द उच्चारला की त्याच्याशी शतकानुशतके जोडलेला अर्थ मनात उभा राहतो आणि मूळ ग्रंथाचा अर्थ झाकला जातो.

म्हणून रमाबाईंनी मूळ भाषांकडे जाण्याचे ठरवले. बायबलच्या जुन्या कराराचा बहुतेक भाग हिब्रूत आहे, तर नवा करार ग्रीकमध्ये आहे. हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिच्या वर्णमालेत बावीस अक्षरे असून ती सर्व व्यंजने आहेत. स्वरांची चिन्हे पुष्कळ नंतर जोडली गेली. वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, संस्थेचा सारा भार वाहत असताना, रमाबाईंनी हे काम हाती घेतले.

पांडित्याचा त्याग

संस्कृत ही रमाबाईंची लहानपणापासूनची भाषा होती. भारदस्त मराठी लिहिणे त्यांना अवघड नव्हते. सोपे लिहिण्याचा निर्णय त्यांनी जाणीवपूर्वक घेतला, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सदनातील नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या स्त्रिया होत्या. याच स्त्रिया संस्थेच्या छापखान्यात काम शिकल्या. ज्यांच्यासाठी ग्रंथ सिद्ध होत होता, त्यांचेच हात त्याच्या छपाईला लागले.

रमाबाई अखेरच्या दिवसांपर्यंत मुद्रिते तपासत होत्या. १९२१ साली त्यांची कन्या मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

मूल्यमापन

मुळाशी प्रामाणिक राहण्याच्या आग्रहामुळे हे भाषांतर काही ठिकाणी शब्दशः झाले आहे. ते सर्वत्र रूढही झाले नाही. तरीही त्याचे महत्त्व कमी होत नाही. आज बेंगळुरू येथे मुख्यालय असलेली बायबल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था भाषांतराचे काम अनेक जाणकारांच्या सहकार्याने करते. तेच विशाल काम एका स्त्रीने खेड्यातील संस्थेत राहून पूर्णत्वास नेले. विद्वत्तेचा उपयोग वाचकाला दिपवण्यासाठी न करता त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी करावा, हा या कार्याचा खरा बोध होय.

शब्दार्थ

संस्कृतप्रचुर – संस्कृत शब्दांनी भरलेली
मुद्रिते – छपाईपूर्वी तपासण्याचे कागद
निवर्तणे – मरण पावणे
देहावसान – मृत्यू

स्वाध्याय

१. प्रचलित भाषांतराच्या भाषेतील दोन अडचणी कोणत्या, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. रमाबाईंनी सोपी भाषा का निवडली?
३. एखादे सरकारी पत्र किंवा सूचना घ्या. त्यातील कठीण शब्दांच्या जागी बोलण्यातले शब्द घालून ती पुन्हा लिहा.