‘क्राउड’ कसा आहे?

मार्चअखेर आठवीच्या परीक्षा आटोपत आल्या की करिअर समुपदेशकांचे फोन वाजू लागतात. प्रश्न दरवर्षी तेच. नववीपासून जेईई-नीटचं फाउंडेशन लावलं नाही तर उशीर होईल का? आहे ती शाळा सोडून, शाळा आणि क्लास एकत्र असलेल्या ‘इंटिग्रेटेड’मध्ये घालावं का? बोर्ड बदलावं का? फी, अंतर, निकाल ही चौकशी संपली की पलीकडचा आवाज जरा खाली येतो आणि ज्यासाठी फोन केलेला असतो तो प्रश्न बाहेर पडतो: ‘तिथला क्राउड कसा आहे?’

क्राउड म्हणजे वर्गातली मुलं, त्यांची आडनावं, ती राहतात ती वस्ती आणि त्यांचे आईवडील करतात ते काम. हे कुणी उघड बोलत नाही, पण फोनच्या दोन्ही टोकांना कळलेलं असतं. गंमत म्हणजे हीच काळजी उलट्या बाजूनंही येते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तालुक्याच्या हायस्कुलात निघालेल्या मुलीचे वडील विचारतात, ‘आमची पोरगी तिथं त्या पोरींच्यात टिकेल का?’ एकाला आपल्या मुलाच्या बाकावर कोण बसेल याची भीती, दुसऱ्याला आपल्या मुलीला कुणी बाकावर घेईल की नाही याची.

बोर्डाचा प्रश्न लवकर निकालात काढता येतो. पालकांची नोकरी बदलीची असेल तर सीबीएसई सोयीचं; नसेल तर चालू शाळा सोडण्याला बोर्ड हे पुरेसं कारण नाही. बदलायचंच ठरलं असेल तर नववीतच बदलावं, कारण सीबीएसईत विद्यार्थ्याची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेशाचे नियम कडक आहेत. पुढे शास्त्र, वाणिज्य की कला, हे नववीच्या उंबरठ्यावर ठरवायची कुणालाही गरज नाही. आयटीआयचे बहुतेक अभ्यासक्रम आणि डिप्लोमासुद्धा दहावीनंतरच येतात.

फाउंडेशनबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. जेईई आणि नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. एमएचटी-सीईटीत अकरावीला सुमारे २० टक्के आणि बारावीला ८० टक्के वजन असतं. नववीला त्यात स्वतंत्र वाटा नाही. नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान पक्कं हवं हे खरं, पण ते पक्कं करणं हे शाळेचंच काम आहे आणि त्यासाठी आठवड्याला सहा दिवस दुसरीकडे बसायची गरज नसते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये किंवा प्रवेश माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच द्यावा, असं त्यात लिहिलेलं आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली असल्यामुळे पळवाटा निघाल्या. ‘आमच्याकडे वर्ग शाळेतच चालतात, त्यामुळे याला कोचिंग म्हणत नाहीत,’ हे उत्तर ऐकून निश्चिंत होणाऱ्या पालकांनी एवढंच विचारावं, की शाळेचं हजेरीपुस्तक नक्की कोण भरतं. नोव्हेंबर २०२४मध्ये सीबीएसईनं दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. या शाळा वरच्या वर्गांत हजर नसलेली ‘डमी’ मुलं पटावर दाखवत होत्या. शाळेवर कारवाई झाली की त्या पटावरच्या मुलांच्या पुढच्या वर्षाचाही प्रश्न उभा राहतो.

फाउंडेशनचा मोठा तोटा अभ्यासातला नाहीच. दर महिन्याच्या चाचणीनंतर तिथे बॅच बदलते. वरची बॅच, मधली बॅच, खालची बॅच. जानेवारीत शेजारी बसणारा मित्र फेब्रुवारीत वेगळ्या मजल्यावर जातो, आणि तो कशामुळे गेला हे दोघांनाही माहीत असतं. चौदाव्या वर्षी मुलांना घरापेक्षा मित्रांची मतं जवळची वाटू लागतात. नेमक्या त्याच वर्षी मैत्री रँकलिस्टला बांधायची, हा उद्योग पालक स्वतःचे पैसे मोजून करतात.

एकत्र बसणं आणि एकमेकांविरुद्ध बसणं यांत किती फरक पडतो, याचा एक चांगला पुरावा क्रिकेटच्या मैदानावरून आला आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ पुरुषांच्या स्पर्धा भरवल्या. काही संघ एकाच जातीचे ठेवले, काही मिश्र. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांची दुसऱ्या जातींतल्यांशी मैत्री वाढली आणि बक्षिसं वाटताना स्वतःच्या जातीकडे झुकणं कमी झालं. दुसऱ्या जातीचे लोक ज्यांना फक्त प्रतिस्पर्धी म्हणून भेटले, त्यांच्यात असा फायदा दिसला नाही, काही बाबतींत उलट परिणाम झाला. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास प्रौढांचा आहे, शाळेचा नाही. तरी ‘आमच्या बॅचमध्येही सगळ्या थरांतली मुलं आहेत’ असं सांगणाऱ्या क्लासचालकाला तो दाखवण्यासारखा आहे. सगळ्या थरांतली मुलं एका खोलीत कोंडून त्यांना एकमेकांचे क्रमांक पाडायला लावलं, तर त्यातून सोबत तयार होत नाही.

आता ‘क्राउड बिघडला’ या तक्रारीकडे. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांमुळे खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतली मुलं आली, आणि तेव्हापासून ही तक्रार नियमित येते. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४मध्ये नियम बदलून, जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट देऊ केली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. त्या काळात अनेक बैठकीच्या खोल्यांमधून सुटकेचा निःश्वास आणि नंतर निराशा ऐकू आली.

या पालकांनी दिल्लीचा अनुभव वाचावा. २००७मध्ये तिथल्या अनेक खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवणं भाग पडलं. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी गरीब वर्गमित्र असलेल्या आणि नसलेल्या श्रीमंत मुलांची तुलना केली. एका प्रयोगात मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता. बक्षीस लहान असताना बरीच श्रीमंत मुलं जास्त वेगवान गरीब मुलाला सोडून आपल्यातला हळू पळणारा निवडत. बक्षीस मोठं झालं की हे प्रमाण घसरे. ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, त्यांनी असा भेदभाव मुळातच कमी केला. ती जास्त उदार निघाली आणि गरीब मुलांसोबत खेळायला जास्त तयार होती. आणि गुण? एकूण परिणाम संमिश्र आणि किरकोळ. म्हणजे ज्या भीतीपोटी शाळा बदलायची, ती गुणपत्रिकेत फारशी दिसत नाही.

ज्यांची मुलं या २५ टक्क्यांतून शिकली, त्यांच्यापुढचं संकट वेगळं आहे. कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फी लागू होते, आणि आठ-नऊ वर्षं एका वर्गात वाढलेलं मूल एका उन्हाळ्यात मित्रांपासून तुटतं. यात मुलाचा दोष नसतो, पण अनेक मुलं तो स्वतःचाच समजतात. पालकांनी कारण लपवू नये. फी हेच कारण सरळ सांगावं. फी सवलतीसाठी शाळेकडे लेखी अर्ज करावा आणि समांतरपणे अनुदानित शाळेत प्रवेश पाहून ठेवावा. एक खटकणारी गोष्टही ठाऊक असावी. आठवीत होणाऱ्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे, पण ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत २५ टक्क्यांतून शिकणाऱ्या गरीब मुलाला ती देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला येते, तरी कित्येक गावांत तिचा फॉर्मही भरला जात नाही. त्याच गावांतल्या मुलींसाठी पाचवी ते बारावी एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. ‘हायस्कूल लांब आहे’ म्हणून शाळा सोडवण्याआधी आगारात विचारून यावं.

आणि मग ती शाळा, जिचं नाव समुपदेशकानं काढलं की शहरी पालक हमखास विषय बदलतात: जवाहर नवोदय विद्यालय.

देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६मध्ये सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. आज तमिळनाडू वगळता सगळ्या राज्यांत ती आहेत. महाराष्ट्रात शिक्रापूर, कागल, पलूस, टाकळी ढोकेश्वर, पोखरापूर. गोव्यात काणकोण आणि वाळपई. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, शिवाय अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत; नववीपासून काही गटांकडून विकास निधी घेतला जातो, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना तोही माफ. शेतमजुराचा मुलगा, तलाठ्याची मुलगी, पारधी वस्तीवरचं पोर आणि किराणा दुकानदाराचा धाकटा एकाच डॉर्मिटरीत झोपतात आणि एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात.

बहुतेकांना सहावीची प्रवेश परीक्षा तेवढी माहीत असते. नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी निवड चाचणी होते, ही गोष्ट आठवीच्या शिक्षकांपर्यंतही पोचलेली नसते. पेपर १०० गुणांचा असतो: गणित आणि विज्ञान प्रत्येकी ३५, इंग्रजी आणि हिंदी प्रत्येकी १५. मूल त्याच जिल्ह्यात आठवीत शिकत असावं लागतं. जागा थोड्या असतात, म्हणून घरात सगळं भवितव्य तिच्यावर लावू नये. पण आठवीच्या गणित-विज्ञानावर होणारी ही परीक्षा कोणत्याही फाउंडेशन बॅचपेक्षा स्वस्त आणि प्रामाणिक कसोटी आहे.

नवोदयची सर्वांत वेगळी गोष्ट नववीतच घडते. हिंदीभाषक आणि अहिंदीभाषक प्रदेशांतल्या विद्यालयांमध्ये नववीच्या सुमारे ३० टक्के मुलांची एका वर्षासाठी अदलाबदल होते. इथली मुलं हिंदी पट्ट्यात जातात, तिथली इकडे येतात. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या पोराला वर्षभर दुसऱ्या प्रांताचं जेवण, दुसरी थंडी, दुसऱ्या शिव्या आणि दुसरे सण. पहिले दोन महिने बहुतेक मुलं रडतात. पालक तर फॉर्मवर सही करायलाच कचरतात. ‘नववीचं महत्त्वाचं वर्ष’ हे कारण ठरलेलं. तरी चौदाव्या वर्षी अनोळखी माणसांत स्वतःची जागा करण्याची इतकी मोठी आणि फुकटातली संधी देशातली दुसरी कोणतीही शाळा इतक्या व्यवस्थितपणे देत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१३ ते २०१७ या काळात देशभरातल्या नवोदय विद्यालयांत ४९ मुलांनी आत्महत्या केल्याचं २०१८मध्ये उघड झालं. त्यांतली निम्मी दलित आणि आदिवासी होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं त्याची दखल घेतली. मिश्र वसतिगृह आपोआप आपलंसं होत नाही. तिथे समुपदेशक आहे का, हाऊसमास्तर किती मुलांमागे एक आहे, घरी फोन कधी करता येतो, हे प्रवेशाआधी तोंडावर विचारलं पाहिजे. उत्तर गुळमुळीत आलं, तर अर्ज मागे घ्यावा.

नवोदय असो की गल्लीतलं हायस्कूल, पहिल्या सत्रात मुलाला ‘आपण इथले नाही’ असं वाटणं ही साधारण गोष्ट आहे. ते तात्पुरतं असतं, हे त्याला तेव्हा माहीत नसतं, आणि सांगणारं कुणी मोठं भावंड शाळेत नसेल तर कळायला मार्गही नसतो. अमेरिकेत मॅडिसन शहरातल्या ११ शाळांत संशोधकांनी यावर एक सोपा उपाय तपासला. नव्या शाळेत आलेल्या सहावीच्या मुलांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: आम्हालाही सुरुवातीला असंच वाटलं, मग हळूहळू बदललं. मुलांनी त्यावर थोडं लिहायचं, एवढंच. त्या वर्षी त्यांची गैरहजेरी, शिस्तीच्या तक्रारी आणि नापास श्रेणी कमी झाल्या. आपल्याकडे यासाठी दहावीची चार मुलं आणि जूनमधला एक तास पुरेल. मुख्याध्यापकांना हे सुचवायला पालक सभेपेक्षा चांगली जागा नाही. तिथे सध्या बहुतेक वेळ टक्केवारीत जातो.

घरातही काही सवयी सोडाव्या लागतील. मुलानं नव्या मित्राचं नाव सांगितलं की ‘आडनाव काय?’ हा पहिला प्रश्न बंद. ‘त्याला किती पडले?’ हा दुसराही बंद. मुलाच्या मोबाइलमधून पालकांनी मित्र गाळून काढले, की मूल मैत्री सोडत नाही, सांगणं सोडतं. मित्राला एकदा घरी जेवायला बोलावलं तर फोनवरच्या दहा चौकशांपेक्षा जास्त कळतं.

आठवीतल्या मुलांच्या पालकांनी या वर्षी दोन कामं करावीत. एनएमएमएसचा फॉर्म शाळेनं भरला का ते पाहावं. आणि नवोदयच्या संकेतस्थळावर नववीच्या चाचणीची सूचना दिवाळीच्या आधीपासून शोधत राहावी. परीक्षा साधारण फेब्रुवारीत होते, आणि मार्चमध्ये क्राउडची चौकशी सुरू होईपर्यंत तिची मुदत कधीच संपलेली असते.