सुभेदार कर्जबाजारी, सावकार परदेशी

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात इराणच्या सुभ्यांतले अधिकारी तिथल्या परदेशी रहिवाशांचे देणेकरी असत, असं वाचलं. सुभ्याचा वसूल हाती असताना कर्ज कशाला? आणि ते थकलं तर दाद कुठे मागायची?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वसूल हाती होता, पण तो येण्याआधीच पैसा मोजावा लागे. काजार राजवटीत सुभेदारी अक्षरशः विकली जाई. दरसाल नौरोजच्या सुमारास, म्हणजे मार्चअखेर, शहाला ‘पेशकश’ पोचली तरच ती टिके. दरबारातल्यांचे हात ओले करायचे ते वेगळेच. पीक उन्हाळ्यात निघणार, तोवर कर्ज. पुढच्या वर्षी खुर्ची राहीलच याची हमी नाही, म्हणून जो तो भरपाईच्या घाईत.

इम्पिरियल बँक ऑफ पर्शिया निघाली १८८९ साली. त्याआधी सुभ्यात पैसा मिळायचा तो सराफांकडे आणि व्यापाऱ्यांकडे. त्यांत परदेशीही होते : तब्रीजमध्ये राल्ली बंधूंसारख्या पेढ्या, कर्मान-बंदर अब्बासकडे शिकारपूरचे हिंदू व्यापारी. सगळंच काही रोख कर्ज नसे. उधारीवर उचललेला मालही यात आला. फेड पुष्कळदा ‘बरात’ देऊन होई. पेशवाईत परगण्यावर वरात देत, तसाच हा वसुलावरचा हुकूम. तिजोरीत खडखडाट असला की तो कागद बाजारात कवडीमोलाने फिरे.

आता दाद. १८२८ च्या तुर्कमानचाय तहासोबत रशियाने इराणशी व्यापारी करारही केला. रशियन प्रजेची हुंडी किंवा करारनामा वकिलातीच्या कॉन्सलकडे आणि स्थानिक हाकिमाकडे नोंदवावा, कॉन्सल नसेल तिथे नुसत्या हाकिमाकडे, असं त्यात ठरलं. पण देणेकरी हाकिमच असला तर? कागद त्याच्याच दप्तरात! करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बाजारातला व्यापारी होता, सुभेदार नव्हे. पुढे इराणशी झालेल्या १८५७ च्या पॅरिस तहात ब्रिटिशांनीही आपल्या प्रजेसाठी अशाच सवलती पदरात पाडून घेतल्या.

त्यामुळे प्रकरण वर न्यावं लागे. सुभ्यात परराष्ट्र खात्याचा ‘कारगुजार’ असे, त्याच्याकडून तेहरान. दक्षिणेतल्या ब्रिटिश प्रजेला बुशहरच्या रेसिडेंटचा आधार. हा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, म्हणजे इराणी किनाऱ्यावरच्या तक्रारींची कागदपत्रं मुंबईच्या दप्तरात येत. अशा तक्रारींत वाद एकच : हे देणं त्या गृहस्थाचं खाजगी की सुभ्याचं? खाजगी ठरलं तर सुभेदार बदलताच वसुली लटके. सुभ्याचं ठरलं तर नवा माणूस जुन्याचं पाप का फेडील?

माझ्या मते परदेशी सावकाराचं खरं तारण जमीनजुमला नव्हतं, कॉन्सल होता. देशी सराफाला तोही नव्हता. आणि फेड झालीच तर सुभेदाराच्या खिशातून क्वचित. रयतेच्या पुढच्या हंगामातून. इंग्रजी वाचत असाल तर पुढे व्हाइसरॉय झालेल्या कर्झनचा इराणवरचा १८९२ चा दोन खंडांचा ग्रंथ चाळा, फक्त तो साम्राज्याच्या चष्म्यातून लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवा.