पदराच्या दशा बघ गं

ये, जरा जवळ बस. उद्या बस्त्याला काकू-मावश्यांच्या गलक्यात तुझ्याशी धड दोन शब्द बोलता यायचे नाहीत, म्हणून आजच सांगते. शालू, पैठणी त्यांना हव्या त्या घेऊ देत. तू एक इरकल मात्र स्वतःच्या पसंतीनं घे, आणि ती हातमागाचीच घे.

दुकानदार घडीवर घडी टाकत जाईल, काठ सगळ्यांचेच झकास दिसतील. काठावर भुलू नकोस, पदर उलगडायला सांग. खऱ्या इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. अंगाचा बहुतेक सुती, पदराचा रेशमाचा नाहीतर कृत्रिम रेशमाचा. पदर सुरू होतो तिथं अंगाचा एकेक धागा पदराच्या धाग्यात कडीसारखा अडकवतात. या जोडणीला तिकडे टोपे तेनी म्हणतात. दर साडीला ही जोडणी नव्यानं करायची, एकेका धाग्याची! त्यासाठी मोजलेला पैसा वाया जात नाही गं.

ओळखायचं कसं? टोकाच्या दशा बघ. टोपे तेनीच्या साडीत मधल्या दशा पदराच्याच रंगाच्या, लाल असतात. अंग हिरवं आणि दशाही हिरव्या निघाल्या, तर अंगाचाच ताणा पुढं नेऊन त्यावर नुसता लाल बाणा घातलाय म्हणून समज. असा पदर उजेडात तिरपा धरलास की लालातून हिरवं डोकावतं, रंग मळकट वाटतो.

यंत्रमागाची साडी वाईट नव्हे. आहेराला, रोजच्या नेसण्याला खुशाल घे. पण तिला हातमागाचा भाव लावतात, त्याचा मला फार राग येतो. इरकलीचं गाव इळकल बागलकोट जिल्ह्यातलं, नारायणपेठ साडीचं नारायणपेठ तेलंगणातलं. पण या दोन्ही साड्या विणणारे हात आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातही आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांनी पिढ्यान्‌पिढ्या इथं माग चालवलेत. आता चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांचाच खडखडाट जास्त, हातमाग थोडे उरलेत. म्हणून साडी कुठं विणली, कशावर विणली, हे स्पष्ट विचार. विचारायला लाजायचं नाही.

नारायणपेठ आवडली तर तिच्यात टोपे तेनी शोधत बसू नकोस. तिचा ताणा परंपरेनं एकदम 56 वारांचा लावतात, त्यावर 8 साड्या उतरतात. तिथं अंगावरचा चौकडा आणि काठावरची देवळं नीट बघायची.

इरकलीवर मॅचिंगचं कापड नको, गुळेदगुड्डचा खण घे. पहिल्यांदा धुताना साडी गार पाण्यात एकटीच धू, भिजत ठेवू नकोस. पदराचा लाल रंग अंगावर उतरतो.

आणि हातमागाच्या साडीला पैसे कमी पडले, तर आईला काही बोलू नकोस. मला हळूच खूण कर.