आठशे वर्षांचा पेंग त्सू आणि रेशमावरची ४४ माणसे

‘चांगदेव पासष्टी’ शिकवू लागलो की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : चांगदेव खरोखरच १४०० वर्षे जगले का? पुष्कळ वर्षे मी ‘ती आख्यायिका आहे’ एवढे सांगून पुढे जात असे. हे उत्तर अपुरे आहे, असे मला वाटू लागले ते प्राचीन चीनमधील पेंग त्सूची कथा वाचल्यावर. आख्यायिका आहे हे खरेच. पण त्या आकड्यातून सांगणाऱ्याला काय म्हणायचे होते, हा प्रश्न उरतोच.

पेंग त्सू ८०० वर्षे जगला, अशी चिनी परंपरेची समजूत. को हुंग (इ.स. २८३–३४३) या ताओपंथी लेखकाच्या नावावर असलेल्या सिद्धचरित्रांच्या संग्रहात त्याची हकिगत येते. तिच्यात तो आपल्या आयुष्याचा हिशेब सांगतो : बाप जन्माआधीच गेला, आई तिसऱ्या वर्षी गेली, पुढे युद्धामुळे परागंदा व्हावे लागले, आणि एकामागून एक ४९ बायका व ५४ मुलगे मरताना पाहावे लागले. चमत्कारकथेत हा हिशेब कशाला हवा होता? आपण ‘शतायुषी व्हा’ म्हणतो तेव्हा ही बाजू मनात आणत नाही. चिनी कथाकाराने ती आणली.

ताओपंथ म्हणजे अमरत्वाचा ध्यास, असे आपल्याकडे सरसकट लिहिले जाते. मीही तसे लिहिले आहे. वस्तुतः या पंथाच्या मूळ ग्रंथांपैकी एक असलेल्या ‘चुआंग त्से’मध्ये पेंग त्सूच्या वयाची चक्क थट्टा आहे : पाळण्यातच गेलेले मूल दीर्घायुषी आणि पेंग त्सू अल्पायुषी, असा उलटा न्याय तिथे लावलेला दिसतो. त्याच ग्रंथात अन्यत्र अस्वलासारखे लोंबकळणारे, पक्ष्यासारखे अंग ताणणारे, जुना श्वास टाकून नवा घेणारे लोक येतात. पेंग त्सूइतके जगू पाहणारे ते हेच, असे सांगून ग्रंथकार त्यांना खालची पायरी देतो. म्हणजे पंथाच्या आतच वाद होता.

या व्यायामाला ‘दाओयिन’ म्हणतात. यातला ‘दाओ’ आणि पंथाच्या नावातला ‘ताओ’ कानाला जवळचे वाटले तरी चिनी लिपीत ती दोन वेगळी अक्षरे आहेत. दाओयिन म्हणजे वाट दाखवणे आणि ओढणे. प्राणशक्तीला वाट द्यायची, अंग ओढून ताणायचे. भाषेच्या अभ्यासकाने एवढे लक्षात ठेवले तर बराच घोटाळा टळतो.

या व्यायामाचे सर्वांत बोलके साधन १९७३ साली हूनान प्रांतातील मावांगत्वे येथे सापडले. इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या एका थडग्यात, इतर अनेक ग्रंथांसोबत आणि ‘लाओ त्से’च्या दोन प्रतींसोबत, रेशमावर रंगवलेले एक चित्र होते. तुकडे जुळवल्यावर त्यात ४४ माणसे दिसली. स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, म्हातारे आहेत, तरुण आहेत. कुणी पूर्ण पोशाखात, कुणी उघड्या अंगाने. एकाच्या हातात काठी आहे. शेजारी छोट्या नोंदी : कुठे प्राण्याचे नाव, कुठे दुखण्याचे. एक नोंद गुडघेदुखीची आहे! ८०० वर्षांची भाषा इथे कुठेच नाही. पन्नाशी ओलांडल्यावर जिना चढताना ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याला हे चित्र लगेच कळते.

ज्याच्या थडग्यात हे चित्र ठेवले, तो स्वतः तिशीतच वारला होता. शेजारच्या थडग्यात त्याची आई. तिचा देह १९७२ मध्ये इतका शाबूत सापडला की वैद्यांना शवविच्छेदन करता आले : वय सुमारे ५०, हृदयविकार, पित्ताशयात खडे, पोटात खरबुजाच्या बिया. देह दोन हजार वर्षे टिकला. आयुष्य मात्र माझ्याइतकेही नाही.

दुसरी वाट औषधाची, आणि ती राजांना अधिक भावली. तिच्यात घाम गाळावा लागत नाही. चीनच्या पहिल्या सम्राटाने अमरत्वाच्या शोधात श्यू फू याला तरुण मुलामुलींसह समुद्रावर पाठवले. सम्राट इ.स.पू. २१० मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेला. पुढे तांग घराण्यातील एकाहून अधिक सम्राटांचा अंत पारा आणि धातू घातलेल्या रसायनांनी लवकर ओढवला.

व्यायामाची वाट मात्र चालत राहिली. हान काळाच्या अखेरीस ह्वा तो या वैद्याने वाघ, हरिण, अस्वल, वानर आणि पक्षी यांच्या हालचालींवरून पाच प्राण्यांचा खेळ रचला. तो आजही चीनमध्ये केला जातो. त्याचा शिष्य वू फू हा खेळ नित्य करी. तो नव्वदीपलीकडे जगला, त्याचे कान-डोळे चांगले होते आणि दात पक्के होते, असे इतिहासग्रंथ सांगतात. चांगदेवांचा प्रश्न आता आला की मी वर्गाला दोन्ही आकडे देतो, पेंग त्सूचे ८०० आणि वू फूचे ९०, आणि यांपैकी कोणता कशासाठी सांगितला गेला असेल, ते त्यांनाच लिहून आणायला सांगतो.