एआयची शाखा हुकली म्हणून मुलांना दोष देऊ नका

अभियांत्रिकी प्रवेशाच्या, म्हणजे ‘कॅप’च्या फेऱ्या सुरू झाल्या की पालकांचा एकच प्रश्न असतो: ‘एआय-डेटा सायन्स मिळालं नाही, आता काय?’ काहीही बिघडलेलं नाही. शाखेचं नाव कोणतंही असो, कंपनीतले सर्व्हर आणि नेटवर्क कुणाला तरी सांभाळावंच लागतं. पण घरोघरी या कामाला ‘वायरी जोडणं’ म्हणून हिणवलं जातं आणि चांगली मुलं त्याकडे फिरकत नाहीत. हा शिक्का पालकांनीच मारला आहे.

उदाहरण म्हणून विंडोज सर्व्हरवरची ‘राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस’ ही सुविधा घ्या. ऑफिसातल्या संगणकांचे 192.168 ने सुरू होणारे खासगी पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत. त्यांना पत्ता बदलून देणाऱ्या ‘नॅट’मधून बाहेर जावं लागतं. घरून काम करणारा कर्मचारी व्हीपीएनने आत येतो. या दोन्ही सोयी एकच सर्व्हर देऊ शकतो, आणि विझार्डमधली बटणं दाबायला फार वेळ लागत नाही. कस लागतो तो निर्णय घेताना. ऑफिसचं नेटवर्क 192.168.1 वर ठेवलं आणि कर्मचाऱ्याच्या घरच्या राउटरचे पत्तेही तेच निघाले, तर व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण त्याचा संगणक ऑफिसचा प्रिंटर घरातच शोधत बसतो. व्हीपीएनसाठी लावायला सोपं म्हणून पीपीटीपी हे प्रोटोकॉल निवडलं, तर त्याचं कूटबद्धीकरण फोडता येतं. पीपीटीपी विंडोज सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांतून काढणार असल्याचं मायक्रोसॉफ्टनेच 2024 मध्ये जाहीर केलं. त्याऐवजी एसएसटीपी घेतलं, तर ते 443 या पोर्टवरून, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्याच वाटेने जातं, म्हणून हॉटेलच्या फायरवॉलमध्येही सहसा अडत नाही. दुरून सेटिंग करताना नेटवर्क कार्ड चुकीचं निवडलं तर आपलंच कनेक्शन तुटू शकतं, आणि मग कुणाला तरी सर्व्हरपर्यंत धाव घ्यावी लागते. याला वायरी जोडणं म्हणायचं?

‘सगळं क्लाउडवर गेलं’ हा आक्षेप टिकत नाही. क्लाउडमध्येही सबनेट, रूट टेबल, व्हीपीएन गेटवे आहेतच. यंत्र दुसऱ्याचं असलं तरी आखणी आपल्यालाच करावी लागते. एआय कमांड लिहून देईल, हेही खरं. पण कुणाला आत घ्यायचं आणि माहिती चोरीला गेली तर जबाब कुणी द्यायचा, हे माणसांवरच येतं. सुरुवातीचा पगार बऱ्याचदा कमी असतो आणि रात्रपाळी चुकत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी इकडे येऊ नये.

आयटीआय, डिप्लोमा, अभियांत्रिकी, तिन्हीकडून इथे पोहोचता येतं. क्लासची फी भरण्याआधी विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची मोफत चाचणी आवृत्ती आणि मोफत मिळणारं व्हर्च्युअलबॉक्स घ्या. बऱ्यापैकी लॅपटॉपवर दोन-तीन आभासी संगणक उभे करून द्या आणि जोडणी मोडून पुन्हा उभारण्यात मूल रमतं का, ते पाहा. रमत नसेल तर इकडे ढकलू नका, एआयकडेही ढकलू नका. आणि पालकांनो, यंदाचा कॅपचा ऑप्शन फॉर्म मुलांना स्वतःच्या हाताने भरू द्या.