चूक पोटात घालणारी गाडी

२०१४ च्या दसऱ्याला मी पहिली मोटरसायकल घेतली आणि दिवाळीच्या आत माझ्या धाकट्या भावाचा गुडघा गेला. तो तेव्हा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायला जायचा. धावण्याची वेळ कमी करत आणली होती त्यानं. मी एकोणीस वर्षांचा होतो, शिकाऊ परवाना हातात येऊन महिनाही झाला नव्हता, आणि माझ्या बुडाखाली दोनशेच्या पुढच्या सीसीची, वीस हॉर्सपॉवरची गाडी होती.

आमच्या देवणी गावाचं नाव काढलं की लोकांना इथली गुरं आठवतात. वानेरा, बालंक्या, शेवरा हे देवणीचे तिन्ही प्रकार इथलं लहान पोरही लांबून ओळखतं. आमच्या दावणीलाही कायम एक जोडी असायची. नवा गोऱ्हा औताला लावायचा झाला की शेजारी मुरलेला बैल जुंपायचा, आणि औत धरायला जाणता माणूस. पोरगं शिकाऊ असेल तर त्याच्या हाती म्हातारी, ओळखीची जोडी. शिकाऊ पोर आणि शिकाऊ खोंड एका तिफणीला कुणीच लावत नाही. शोरूममध्ये दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला हेच सांगितलं होतं. "कामून रे एवढी मोठी? तू नवा, ती अवखळ. कसं जमायचं बाबा?" मी ऐकलं नाही. त्या साली पावसानं दगा दिला होता, सोयाबीन निम्मंही हाती लागलं नव्हतं. तरी त्यातनं डाउनपेमेंट झालं आणि बाकीचे हप्ते दादांनी अंगावर घेतले.

घडलं ते असं. वलांडीहून देवणीला परत येत होतो, दिवस मावळायला आला होता, भाऊ मागं बसलेला. वळणावर डांबराच्या कडेचा मुरूम रस्त्यावर पसरला होता आणि पलीकडून शेळ्या आडव्या आल्या. वेग साठच्या आसपास असेल. घाबरून मी पुढचा ब्रेक पूर्ण मुठीत आवळला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मुरमावर सरकलं, आणि दीडशे किलोच्या वरची गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. मी बाजूला फेकलो गेलो. भावाचा पाय खाली राहिला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ऑपरेशन झालं, तो चालायला लागला, पण भरतीचं धावणं संपलं.

त्या क्षणाचा मी पुढं पुष्कळ विचार केला. शेळ्या, मुरूम, कातरवेळ ही आपल्या भागातली रोजची गोष्ट आहे. चूक माझ्या हाताची होती, आणि नवशिक्याचा हात चुकणारच. प्रश्न एवढाच उरतो की त्या चुकीचं गाडी काय करते. शंभर सीसीच्या गाडीवर मी त्या वळणावर साठनं पोचलोच नसतो. तिला साठ गाठायला वेळ लागतो, आणि तोवर रस्ता दिसतो. दोनशेच्या गाडीवर मनगट जरा जास्त पिळलं गेलं की काटा पुढं गेलेला असतो. ताशी साठच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ सतरा मीटर जाते. मेंदूनं धोका ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर सरतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. म्हणून पहिली गाडी चूक पोटात घालणारी असावी. माझी मोठी करून दाखवणारी होती.

आता भाचे, शेजारची मुलं पहिली गाडी कोणती घ्यावी हे विचारायला येतात, तेव्हा मी आधी सीसी विचारत नाही. म्हणतो, गाडीवर बस आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकव. नुसते चवडे टेकत असतील तर उतर. गाडी पडते ती बहुतेकदा पळताना नाही, थांबताना. एक पाय खड्ड्याकडे गेला की तोल गेलाच. मग गाडी बंद ठेवून दहा पावलं मागं ढकलायला सांगतो, जमलं तर चढावर. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण एकशे बारा किलोची असते, बुलेट तीनशेपन्नास दोनशेच्या घरात. आपल्या गल्लीत, बाजाराच्या दिवशी, कणसाच्या पोत्यासकट गाडी वळवायची असते, तेव्हा हा फरक दंडाला कळतो. हँडल किती वळतं तेही बघायचं. खाली झुकून बसायच्या रेसिंग ढंगाच्या गाड्यांचं हँडल कमी वळतं, आणि परवान्याच्या परीक्षेत आठाचा आकडा काढताना नव्या माणसाचा पाय तिथंच खाली येतो.

ब्रेकबद्दल मात्र मी थांबून, परत परत सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याच्या आतल्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. ज्या चाकाला एबीएस असतं, त्याचा ब्रेक आवळला तरी ते जाम होत नाही. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक जाम होणं ते थांबवत नाही. म्हणजे २०१९ च्या आधीची जुनी गाडी घेणार असाल तर बहुधा यातलं काहीच मिळणार नाही, आणि सगळी भिस्त हातावर. पुढचा ब्रेक कसा लावायचा हे मला माझ्या आईच्या धार काढण्यावरून समजलं. ती सड ओढत नाही. मुठीत धरून वरून खाली एकेक बोट दाबत जाते. तसंच, मागचा आधी, मग पुढचा हळूहळू मुठीत घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात वीसच्या वेगानं पन्नास वेळा करा, मग तीसनं. मुरमावर, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला असतो त्यावर, पुढच्या ब्रेकला जवळजवळ हात लावू नये. वेग आधीच मोडावा.

पहिली गाडी जुनी घेतली तर बरं, असं माझं मत आहे. शंभर ते सव्वाशे सीसीची, एक वर्षासाठी. पडली तरी जीव हळहळत नाही. पण मिस्त्रीला बरोबर घेऊन जा. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका. नमुना ३५ त्यासाठीच असतो, आणि नावावर करायला २९ आणि ३०. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. नक्षी शाबूत दिसणारं टायरही रबर वाळून कडक झालेलं असू शकतं, ते त्या आकड्यांवरून कळतं. पुढचा शॉकअप दाबून बघा, तेल गळत असेल तर खर्च धरा. आणि जी बचत होईल ती आधी हेल्मेटवर घाला, आयएसआय शिक्क्याच्या. रस्त्याकडेला टांगलेल्या टोपीवर नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण तेव्हा मला ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. शिकाऊ परवान्यावर मागं शिकवणाऱ्याशिवाय कुणालाच बसवता येत नाही. माझा भाऊ त्या संध्याकाळी गाडीवर असायलाच नको होता. गिअरची गाडी अठरा वर्षांच्या आत नाहीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहावीच्या निकालाला पोराला चावी देणाऱ्या बापांनी हे घरात बसून वाचावं.

उसाच्या दिवसांत, रात्री, नवीन माणसानं बाहेरच पडू नये. मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या समोर दहा हातांवर आल्यावर दिसतात. यावर मला जास्त काही सांगायचं नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

भावानं पुढं किराणा दुकान टाकलं. मला त्यानं कधी बोल लावला नाही. मी अजून त्याच्यासमोर तो विषय काढू शकत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या बहिणीचा मुलगा अठरा पूर्ण झाला आणि सव्वाशे सीसीची जुनी गाडी बघायला आम्ही तिघं एका मिस्त्रीकडे गेलो. भाच्यानं आधी टाकीवर हात फिरवला. भाऊ लंगडत पुढं झाला, खाली वाकला, पुढच्या ब्रेकचा लिव्हर दोन बोटांनी दाबून पाहिला. फार खोल जात होता. "मेस्त्री, हा आधी नीट करून द्या," म्हणाला, "मग बोलू पैशाचं." आणि काम होईस्तोवर चावी त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली.